मिसुरीची रेषा समुद्रापर्यंत ओढू नका

स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे जागतिक इतिहासाचे सराव पेपर मी तपासतो. अमेरिकेचा विस्तार आणि गुलामगिरीचा वाद हा प्रश्न असला की त्याच त्या चुकांवर लाल पेन फिरवून हात दुखतो.

सगळ्यात लाडकी चूक ही: "1820 च्या मिसुरी तडजोडीने 36°30′ च्या उत्तरेला गुलामगिरी बंद झाली." अहो, 36°30′ अक्षांशाची ही रेषा फक्त 1803 साली फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियाना प्रदेशापुरती होती. त्यातही खुद्द मिसुरी रेषेच्या वर असूनही गुलामगिरीचं राज्य म्हणूनच संघराज्यात आलं. दोन वर्षांपूर्वी एका गठ्ठ्यात अर्ध्याहून जास्त पेपरांत हे वाक्य शब्दन् शब्द तसंच होतं. एका मुलीनं तर पट्टी लावून रेषा थेट प्रशांत महासागरात नेली होती. तिला बोलावलं. "एवढी लांब रेषा आधीच होती, तर 1850 ला भांडले कशावरून?" ती गप्प. मग हळूच झेरॉक्स पुढे केली. अक्षर माझंच! सहा वर्षांपूर्वी घाईत काढलेल्या नोट्स गावभर फिरत होत्या.

युद्ध संपवणाऱ्या 1848 च्या तहानं मेक्सिकोकडून मिळालेल्या मुलखाला ती रेषा लागूच नव्हती. ती समुद्रापर्यंत वाढवायला राष्ट्राध्यक्ष पोक तयार होते, पण काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, ते जमलं नाही. वाढवली असती तर कॅलिफोर्नियाचे दोन तुकडे पडले असते. 1850 ला तो अख्खा मुक्त, म्हणजे गुलामगिरी नसलेलं, राज्य म्हणून आला आणि दक्षिणेच्या समाधानासाठी पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कडक कायदा झाला. त्या झेरॉक्सच्या प्रसंगापासून मी ट्रेसिंग पेपरवर 1803 चा मुलूख पिवळा, 1848 चा हिरवा रंगवतो आणि रेषा फक्त पिवळ्यात ओढतो. मुलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

दुसरी चूक: गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध म्हणजे समतेचा पुरस्कार. 1846 साली प्रतिनिधिगृहाचा सदस्य विल्मट यानं मेक्सिकोकडून मिळणाऱ्या जमिनीत गुलामगिरी नको असा प्रस्ताव मांडला. प्रतिनिधिगृहानं तो मंजूर केला, सिनेटमध्ये अडकला. पण त्याला काळजी होती ती गोऱ्या कष्टकऱ्यांची. ओरेगॉनचं बघा. 1857 मध्ये तिथल्या मतदारांनी गुलामगिरी नाकारली आणि त्याच वेळी कृष्णवर्णीयांना वस्तीला बंदीही घातली. उत्तरात एवढं एक उदाहरण आलं तरी मी खूश.

किरकोळ चुका: टेक्सास मेक्सिकोशी झालेल्या युद्धात जिंकलेलं नाही, ते 1845 लाच सामील झालं आणि युद्ध 1846 चं. मेसन-डिक्सन रेषा वेगळी, ती पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमधली सीमा. 1860 ला लिंकनचा पक्ष नव्या प्रदेशांतला प्रसार थांबवा म्हणत होता, दक्षिणेतली गुलामगिरी ताबडतोब बंद करा असं नव्हे.

आणि 1854 च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर "जनतेचा कौल" अशी गुळगुळीत व्याख्या लिहून पुढे पळू नका. त्या कायद्यानं मिसुरीची रेषाच पुसली. गुलामगिरी हवी की नको ते तिथले रहिवासी ठरवणार होते. 1855 च्या मार्चमध्ये कॅन्ससमध्ये मतदार तीन हजारांच्या आत आणि मतं पडली सहा हजारांवर. शेजारच्या मिसुरीतून टोळ्याच्या टोळ्या येऊन मतं टाकून गेल्या. सरळ बोगस मतदान लिहा, मी मार्क कापणार नाही.