कोंबडीची कलेजी पिवळी का पडते, आणि त्यासाठी मका कसा तपासायचा

पावसाळ्यात लॉटचं (एका वेळी वाढवलेल्या पक्ष्यांचं) वजन भरत नाही, पायाचा पिवळेपणा उतरलाय, लस देऊनही आजार चालूच, असं झालं की आपण आधी औषधाच्या दुकानात पळतो. त्याआधी ताजा मेलेला एक पक्षी डॉक्टरांकडून उघडून बघा. चांगली कलेजी तांबूस तपकिरी आणि घट्ट असते, अफ्लाटॉक्सिन (मक्यावरच्या बुरशीचं विष) पोटात गेलेल्याची पिवळट, सुजलेली, बोटाने दाबली की फुटणारी. (एकदोन दिवसांच्या पिल्लाची मुळातच पिवळी असते, तिथे घाबरू नका.)

आता गंमत बघा, बुरशीचं हे विष जहाल होतं ते लिव्हरमध्येच. लिव्हरचे एन्झाइम बी1 नावाच्या अफ्लाटॉक्सिनला बदलायला जातात आणि त्याचं इपॉक्साइड नावाचं जहाल रूप होतं, ते डीएनएला आणि प्रोटीनला चिकटून बसतं. ग्लुटाथायोन नावाची वस्तू त्याला पकडून बाहेर काढते पण तिचा साठा संपला की खेळ खलास. प्रोटीन बनणं मंदावतं, आणि चरबी लिव्हरमधून बाहेर जाते ती प्रोटीनसोबतच, म्हणून ती आतच साचते आणि कलेजी पिवळी पडते. रक्त गोठवणारे घटकही तिथेच बनतात म्हणून कटिंगला पक्ष्याच्या अंगावर काळेनिळे डाग, आणि अंड्याच्या बलकाचा मालही तिथलाच म्हणून लेअरची (अंड्यांच्या कोंबडीची) अंडी कमी आणि बारीक.

१) मका घेताना मिठाची टेस्ट करा. काचेची कोरडी बाटली, त्यात दोन चमचे तव्यावर गरम करून थंड केलेलं मीठ, वर बाटलीच्या तिसऱ्या हिश्शाइतका मका, मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर, वाळवल्याशिवाय तो मका ठेवायचाच नाही. आपल्याला 13 च्या आत पाहिजे.

२) चाळून घ्या. विष जास्त असतं ते तुटक्या दाण्यात आणि भुश्यात.

३) पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. जुनं आधी संपवा, फीडरच्या तळाशी चिकटलेलं खरवडून काढा, हे काम सगळे टाळतात.

४) लॅबला सॅम्पल पाठवताना एका पोत्यातून मूठ घेऊन पाठवू नका, विष सगळीकडे सारखं नसतं, दहापंधरा पोत्यांतून थोडं थोडं घेऊन मिसळा. अमेरिकेत पिल्लांच्या खाद्याला 20 पीपीबीची मर्यादा आहे, म्हणजे टनामागे फक्त 20 मिलिग्रॅम. शेंगदाणा पेंड तर तपासाच, 1960 साली इंग्लंडात लाखाहून जास्त टर्की मेल्या त्या ब्राझीलच्या पेंडीनेच, तेव्हा कुठे हे विष सापडलं.

५) खाद्यात टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवणारी पावडर) घाला, पण बेंटोनाइट ही माती अफ्लाटॉक्सिनला धरते, टी-2 सारख्या बुरशीच्या दुसऱ्या विषावर फारसं चालत नाही. बुरशीनाशक अ‍ॅसिडने बुरशी थांबते, आधी झालेलं विष तसंच राहतं. खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करतानाच्या उष्णतेनेही ते जात नाही.

लॉट या विषात सापडलाच असेल तर पहिलं काम खाद्य बदलणं, मग डॉक्टरांना विचारून मेथिओनिन आणि व्हिटॅमिन. बदकांना तर तो मका चुकूनही घालू नका, ती कोंबडीपेक्षा फार लवकर जातात. आणि काढलेला मका वाया कशाला घालवायचा म्हणून गोठ्यात गाईपुढे टाकू नका, ते विष एम1 नावाचं रूप घेऊन दुधात उतरतं आणि ते दूध घरातली पोरंच पितात.