ओव्हनचं बटण खोटं बोलतं: पॉलिमर क्लेमध्ये या चुका टाळा

"ताई, मणी वाळतच नाहीत हो. चार दिवस गच्चीत उन्हात ठेवलेत."

असा फोन वर्षातून दोन-तीनदा तरी येतो आणि दर वेळी मला तेच पुराण लावावं लागतं. नावात क्ले असली तरी ही माती नव्हे. चवथीच्या गणपतीची चिकणमाती वाळते, कारण तिच्यातलं पाणी उडून जातं. पॉलिमर क्लेमध्ये पाणी नसतंच. ती म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड, आपल्या नळाच्या पाइपचंच भावंड, प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवलेली. नेमकी उष्णता मिळाली की कण एकमेकांत मिसळून एकजीव होतात. उन्हात ती पक्की होत नाही, फार तर अर्धीकच्ची शिजून बिघडते. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत पाकीट विसरून बघा, दोन दिवसांनी हातात भुगा येईल. पाकिटावर भाजायचं तापमान लिहिलेलं नसेल तर तुम्ही हवेत आपोआप वाळणारी एअर ड्राय क्ले आणली आहे. ती वेगळी वस्तू, तिचे प्रश्न मला विचारू नका.

आता माझ्या आवडत्या चुकीकडे येते. आवडती म्हणजे जिच्यावर मी तासभर बोलू शकते ती: ओव्हनच्या बटणावर विश्वास.

पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या नक्षीदार फरशांची भिंत आहे. तिच्यासमोर उभी असताना मला चौकोनी कानातल्यांची कल्पना सुचली. पांढरी क्ले, वर निळी नक्षी. हडफड्याच्या शनिवारच्या रात्रबाजारात मैत्रिणीच्या टेबलाचा कोपरा मिळणार होता म्हणून चोवीस जोड केले. पहिले बारा बटण 130 अंश सेल्सियसवर ठेवून भाजले. बाहेर काढले तर मागच्या रांगेच्या कडा पोळीवरच्या डागांसारख्या तपकिरी. पांढऱ्या रंगाला करपणं लपवता येत नाही. मी घाबरले आणि उरलेले बारा 110 वर भाजले. काय देखणे निघाले म्हणून सांगू! शुभ्र, एकसारखे. बाजारात सगळे संपले आणि मी आठवडाभर हवेत.

तीन आठवड्यांनी एक बाई शोधत आल्या. तळहातावर दोन तुकडे. हुकाच्या भोकापासून फरशी सरळ मधोमध फुटली होती. "पडलं नाही गो, केस विंचरताना कंगवा लागला," एवढंच म्हणाल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या देखण्या बारा जोडांतले आणखी तीन असेच परत आले. पैसे परत दिले आणि ओव्हनचा थर्मामीटर विकत आणला. क्लेच्या दोन पाकिटांच्या किमतीत मिळतो.

त्याने काय दाखवलं? बटण 130 वर असताना मागच्या बाजूला, तापणाऱ्या दांडीजवळ काटा 160 ला टेकत होता आणि थर्मोस्टॅट बंद झाला की 115 पर्यंत घसरत होता. बटण 110 वर ठेवलेलं असताना पुढच्या कोपऱ्यात जेमतेम नव्वद. म्हणजे माझे देखणे जोड कच्चे होते, शेकलेले फक्त. लहान ओटीजीत, म्हणजे टेबलावरच्या घरगुती ओव्हनमध्ये, हे असंच चालतं. जागा कमी, दांड्या जवळ, हवा फिरत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की करपणं ही लहान चूक आणि कच्चं ठेवणं मोठी. करपलेलं दिसतं, तुम्ही फेकून देता. कच्चं दिसत नाही, ते गिऱ्हाइकाच्या कानात जाऊन फुटतं.

माझी सवय सांगते, शास्त्र म्हणून घेऊ नका. ओव्हनमध्ये एक जाड सिरॅमिक टाइल कायम ठेवलेली असते, ती तापली की तापमान कमी हलतं. वीस मिनिटं आधी ओव्हन लावायचा, थर्मामीटर टाइलवर मण्यांच्या शेजारी. टाइलवर साधा कागद, नाहीतर मण्याच्या पोटाला चकचकीत डाग पडतो. वरून अॅल्युमिनियम फॉइलचा सैल तंबू, म्हणजे वरच्या दांडीची धग थेट लागत नाही. तापमान पाकीट सांगेल तेच. फिमो ब्रँडच्या क्लेला 110, स्कल्पी प्रीमो ब्रँडला 130 च्या आसपास. सहा मिलिमीटर जाडीला अर्धा तास असा हिशेब छापलेला असतो, मी पाऊण तास ठेवते. तापमान बरोबर असेल तर जास्त वेळाने काही बिघडत नाही. प्रत्येक घाण्यासोबत त्याच क्लेची एक पातळ पट्टी भाजते आणि गार झाल्यावर वाकवते. वाकून परत आली तर पास, कडकन तुटली तर सगळा घाणा परत आत.

"तापमान दुप्पट केलं तर वेळ निम्मा लागेल ना?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी पहिल्यांदा खिडक्या उघडायला सांगते. पीव्हीसी जळायला लागलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, घसा आणि डोळे दोन्ही सोलून काढतो. मायक्रोवेव्हचं तर नावच काढू नका. आणि ज्या ओटीजीत क्ले भाजता त्यात केक करू नका. माझा जुना ओटीजी आता क्लेचाच आहे, सासूबाईंनी त्याच्यावर आनंदाने पाणी सोडलं.

दुसरी चूक खास आपल्याकडची. क्लेमध्ये केन नावाचा प्रकार असतो. अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक वडीत तीच वलयं दिसतात ना, तसं. रंगांच्या वळ्या रचून लांब उंडा करायचा आणि चकत्या कापायच्या, प्रत्येक चकतीत तेच फूल. मी अबोलीचा केन करते. ताजा केन मऊ असतो, सुरी लावली की फूल चेपून जातं. म्हणून सगळीकडे एकच सल्ला मिळतो: कापण्याआधी फ्रीजमध्ये ठेवा. सल्ला चांगला आहे, पण तो देणाऱ्यांनी फोंड्याचा जुलै पाहिलेला नाही.

मी फ्रीजमधून केन काढला, पाटावर ठेवला आणि चहा घेऊन येईपर्यंत त्याच्यावर दव धरलं होतं, कोल्ड्रिंकच्या बाटलीवर धरतं तसं. हाताने पुसला, चकत्या कापल्या, पांढऱ्या मण्यांवर बसवल्या, भाजल्या. फुलांच्या पाकळ्यांखाली नखाएवढ्या पांढुरक्या चंद्रकोरी उमटल्या, काही ठिकाणी चक्क फोड. ओलावा आणि अडकलेली हवा, दोन्ही उष्णतेने फुगतात. वरून कितीही घासा, त्या आतच असतात.

आता पावसाळ्यात फ्रीज नाहीच. केन कागदात गुंडाळून रात्रभर टेबलावर निवांत ठेवते आणि पहाटे, पंखा लावायच्या आधी, पातळ ब्लेडने कापते. दर चकतीला उंडा पाव फेरा फिरवायचा, म्हणजे एकाच बाजूने चेपत नाही. क्ले फारच चिकट असेल तर लाटून दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाडजूड पुस्तकं. कागद तेलकट होतो, क्ले शहाणी होते. आणि क्ले लाटायच्या रोलर मशीनमधून घडी घातलेली क्ले काढताना घडीची बाजू आधी घाला. उघडी बाजू आधी गेली की आत हवा कोंडते. हे मी वर्गात इतक्यांदा सांगते की मुली माझी नक्कल करतात.

बाकीच्या चुका पटापट.

चमक यावी म्हणून नेलपॉलिश लावू नका, महिन्याभरात मणी चिकट होतो आणि पुन्हा सुधारत नाही. पाण्यात मिसळणारं अॅक्रिलिक व्हार्निश घ्या, किंवा हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) 400 नंबरपासून 1000 पर्यंत ओला करून घासा आणि जुन्या जीन्सवर पुसा. मला घासणंच आवडतं, पण त्याला धीर लागतो.

कच्ची क्ले कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवली तर डबीला चिकटून ती वितळवते. झिपलॉक पिशवी बरी.

पांढऱ्या रंगाला नेहमी पहिला हात. लालनंतर पांढरा मळलात तर तो गुलाबीच होणार, वर तुमच्या ओढणीचे धागे.

भोक एकाच बाजूने आरपार पाडू नका, दुसऱ्या बाजूला फाटतं. सुई अर्ध्यात आली की मणी फिरवून समोरून घाला.

हूक स्टेनलेस स्टीलचे घ्या. समुद्राच्या हवेत स्वस्तातले हूक एका पावसात काळे पडतात.

ओव्हनमधून काढल्याबरोबर मणी दाबून "मऊच आहेत" म्हणत रडू नका. गरम असताना ते मऊच असतात.

आणि जो प्रश्न जूनपासून रोज येतो: भाजता भाजता लाईट गेली तर? काही करू नका. ओव्हनचं दार उघडू नका, मणी काढून बघू नका. लाईट आली की ओव्हन पुन्हा तापू द्या आणि वेळ पहिल्यापासून मोजा. क्ले कितीही वेळा भाजता येते. गेल्या पावसात अबोलीच्या एका माळेची भाजणी तीन तुकड्यांत झाली, मध्ये एकदा अख्खी रात्र गेली. ती माळ माझ्या वहिनीच्या गळ्यात आहे आणि तिला यातलं काहीच माहीत नाही.