एका टेबलावर तीन मॉडेल्स

१:७२चं (म्हणजे खऱ्याच्या १/७२ आकाराचं) विमान, १:३५चा रणगाडा आणि १:७००ची युद्धनौका एकदम जोडायला घेतली की डोकेदुखी होते ती स्प्रूची, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या फ्रेमची. बहुतेक किटमध्ये ‘ए’ आणि ‘बी’ फ्रेम असतेच! मग मी किटनुसार प्रत्येक फ्रेमला वेगळ्या रंगाची टेप लावली. सुटलेले भाग झाकणाच्या डब्यात, सूचनापत्रकही त्यातच. काम मात्र टप्प्यांनुसार वाटलं. प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) सगळ्यांना एकाच बैठकीत, म्हणजे एअरब्रश (रंग फवारायचं साधन) एकदाच धुवायचा (ते कोणाला आवडतं?). इनॅमल रंग नीट वाळायला दिवसभर तरी लागतो. तोवर दुसऱ्या मॉडेलचे सांधे घासून घ्यायचे. ओल्या रंगाचं मॉडेल उपड्या डब्याखाली ठेवायचं, नाहीतर घासलेली धूळ नेमकी त्यावरच बसते. डीकल्स (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं-आकडे) मात्र एका वेळी एकाच मॉडेलचे, तेही ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) वाळल्यावरच.