काट्यावर २०० दिसलं म्हणजे इंजेक्टर पास झाला नाही: या चुका टाळा

ट्रॅक्टर काळा धूर टाकतो, मिस मारतो. मग इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढायचे, प्रेशर तपासायच्या टेस्टरला लावायचे, काट्यावर २०० बार दिसले की परत बसवायचे. साध्या, यांत्रिक इंजेक्टरची कितीतरी कामं याच घाईने परत येतात.

नोजल, म्हणजे इंजेक्टरचं फवारा मारणारं टोक, किती प्रेशरला उघडायला हवं ते इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्या ट्रॅक्टरवरून नको. ते जुळलं की खरी तपासणी सुरू होते. टोक कोरडं पुसा, उघडण्याच्या प्रेशरपेक्षा २० बार खाली १० सेकंद धरा. टोकाला थेंब जमला तर सीट, म्हणजे आतली नीडल (सुई) टेकून डिझेल बंद करते ती जागा, गेलंय. शिम (स्प्रिंगला दाब देणारी पातळ चकती) वाढवून प्रेशर चढेल, थेंब थांबणार नाही. ते डिझेल उशिरा, अर्धवट जळतं आणि टोकावर काजळी धरते. नोजल बदला. प्रेशरच कमी असेल तेव्हा शिम: ०.०५ मिमीला साधारण ५ बार, स्प्रिंगप्रमाणे थोडा फरक.

फवाऱ्याखाली बोट कधीच नको. डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

आता इंजेक्टरच्या भोकात तळाशी बसणारा तांब्याचा वायसर. ऊस वाहतुकीच्या हंगामात तीन सिलेंडरच्या एका ट्रॅक्टरचे इंजेक्टर सर्व्हिस झाले आणि धूर उलट वाढला. टेस्टरवर तिन्ही चोख. संशय डिझेल पंपावर गेला, पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला, तिथेही दोष निघाला नाही. शेवटी इंजेक्टर पुन्हा काढले तेव्हा दुसऱ्या भोकाच्या तळाशी काजळीत चिकटलेला जुना वायसर सापडला. त्याच्यावरच नवा बसवला होता. नोजल वायसरच्या जाडीएवढं वर राहिलं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत जायच्या जागी भलतीकडे आदळत राहिला. ऐन हंगामात गाडी उभी राहिली, पंपाचा खर्च फुकट गेला.

म्हणून जुने वायसर मोजा. इंजेक्टर तीन, तर वायसर तीन हातात यायलाच हवेत. नाही आले तर बॅटरी मारून भोकात बघा, आकड्याने ओढून काढा. एकदा दबलेलं तांबं कडक होतं, पुन्हा नीट बसत नाही, म्हणून दर वेळी नवाच वायसर. भोकातली काजळी काढल्यावर स्टॉप (डिझेल बंद करायची दांडी) ओढून, भोकं मोकळी ठेवून इंजिन दोन-चार वेळा स्टार्टरवर फिरवा. कचरा जोरात बाहेर उडतो, तोंड लांब ठेवा.

नीडल पॉलिश पेपरने घासू नका. पितळी ब्रश आणि स्वच्छ डिझेल पुरतं. एका नोजलची नीडल दुसऱ्यात घालू नका, ती जोडी एकत्र घासून बनवलेली असते. धुतलेली नीडल बॉडीतून एक तृतीयांश बाहेर ओढून ४५ अंशांत धरली, तर स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे.

नोजलचा नट टॉर्क पान्यानेच आवळा. पान्याला पाइप लावून आवळला की बॉडी दबते, नीडल अडकते.

चालू इंजिनवर इंजेक्टरच्या एकेका डिझेल पाइपचा नट ढिला करून मेलेला सिलेंडर शोधायची रीत जुन्या इंजिनांपुरतीच आहे. सीआरडीआयमध्ये (कॉमन रेलच्या नव्या डिझेल इंजिनात) प्रेशर हजार बारच्या पुढे जातं, तिथे चालू इंजिनच्या पाइपला पाना लावूच नका.