खऱ्या गुन्ह्यातून भयपट: सोलापुरातल्या लघुपटकारांसाठी

गुन्हा जसाच्या तसा मांडला तर भयपट होत नाही, लांबलेली बातमी होते. आधी सत्र न्यायालयाचा निकाल वाचा. बरेच निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यातला अंगावर काटा आणणारा एकच तपशील ठेवा. नावं, गाव, नाती, हेतू, सगळं बदला.

खून करणाऱ्या आणि थडग्यांतून प्रेतं पळवून त्यांच्या कातडीचे मुखवटे बनवणाऱ्या एड गीनचं उदाहरण बघा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये त्याला १९५७ साली अटक झाली. 'सायको' कादंबरीने (१९५९) त्यातून एवढंच घेतलं की शेजारचा साधा माणूसही राक्षस असू शकतो. 'द टेक्सास चेनसॉ मॅसकर' या सिनेमाने (१९७४) घेतले माणसाच्या कातडीचे मुखवटे. गीन टेक्सासचा नव्हता, आणि यांत्रिक करवत तर सिनेमाचीच भर.

मग जागा. यंत्रमागाचा कारखाना सोलापूरकराच्या कानात बसलेला असतो, म्हणून तिथली खटखट अचानक थांबली की प्रेक्षक दचकतो. पण चालू मागांत संवाद ऐकूच येत नाहीत. माग बंद ठेवून संवाद घ्या, खटखट वेगळी ध्वनिमुद्रित करा. ती सलग दोन-तीन मिनिटं घ्या. छोटा तुकडा पुन्हा पुन्हा जोडला की सांधा कळतो. दहा मिनिटांच्या लघुपटाला साधारण दहा पानांची पटकथा पुरते.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. नाव बदलूनही गल्ली, शाळा, व्यवसाय तेच ठेवले तर ओळख पटतेच. आम्ही तर सांगू, अशा प्रकरणाला हातच लावू नका. मृताच्या बदनामीवरूनही कुटुंबीय तक्रार करू शकतात, त्यामुळे 'सत्यघटनेवर आधारित' ही पाटी टाळा.