प्लेऑफ सामन्यात रन आणि पास यांचा तोल साधताना या चुका टाळा

नियमित हंगामातला पराभव पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग असलेल्या एनएफएलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, ती सोय नसते, हरलेला संघ थेट घरी जातो, आणि म्हणूनच प्ले (ठरवलेली चाल) निवडण्यातले दोष या सामन्यांत सर्वाधिक उघडे पडतात. तोल म्हणजे निम्मे रन (चेंडू घेऊन धावणे) आणि निम्मे पास (चेंडू पुढे फेकणे), हा रूढ हिशेब मुळातच फसवा आहे. पुढच्या डाऊनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एकाला) काय येणार याचा अंदाज बचाव फळीला बांधता येऊ नये आणि निवडलेला प्ले गुणफलक व घड्याळ यांना धरून असावा, एवढेच तोलात अपेक्षित असते. तुम्ही एखाद्या संघासाठी प्ले निवडत असा किंवा भारतात सोमवारी पहाटे पाच वाजता उठून सुपर बोल हा अंतिम सामना पाहत असा, पुढील चुका ओळखता आल्या तर सामना बराच वेगळा दिसू लागतो.

पहिली चूक आकडे वाचतानाच होते. जिंकणारे संघ जास्त रन करतात हे पाहून ‘जास्त रन करा म्हणजे जिंकाल’ असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा आघाडी आधी मिळते आणि ती टिकवण्यासाठी, घड्याळ चालू ठेवण्यासाठी, रन वाढतात. जानेवारी २०२० मध्ये टेनेसी टायटन्सने बाल्टिमोर रेव्हन्सला २८-१२ असे हरवले. त्या सामन्यात डेरिक हेन्रीने ३० वेळा चेंडू घेऊन १९५ यार्ड काढले आणि क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) रायन टॅनहिलने केवळ १४ पास टाकले, हेच सर्वांच्या लक्षात राहिले. परंतु टायटन्सची सुरुवातीची १४-० ही आघाडी टॅनहिलच्याच दोन टचडाऊन पासवर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये, म्हणजे टोकाच्या पट्ट्यात, पोहोचवणाऱ्या पासवर) उभी होती, त्यातला एक तर ४५ यार्डांचा होता. पुढच्याच सामन्यात कॅन्सस सिटी चीफ्सने आघाडी हिरावून घेतली, तेव्हा त्याच हेन्रीच्या वाट्याला १९ रन आणि ६९ यार्ड आले.

दुसरी चूक घाबरण्याची, आणि माझ्या मते प्लेऑफमध्ये सर्वांत महागात पडणारी. दहा गुणांनी मागे पडलेला संघ वीस गुणांनी मागे असल्यासारखा खेळू लागतो. क्रिकेटमध्ये षटकामागे सहा धावा हव्या असताना बाराचा पाठलाग असल्यासारखे उंच फटके मारत सुटावे, तसा हा प्रकार आहे. जानेवारी २०२४ मधली एएफसीची (एनएफएलच्या दोन गटांपैकी एकाची) अंतिम लढत याचा नमुना म्हणावी लागेल. त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक रनिंग यार्ड रेव्हन्सचे होते आणि सामना त्यांच्याच मैदानावर होता. मध्यंतराला चीफ्स १७-७ असे पुढे होते आणि दुसऱ्या अर्धात त्यांना एकही गुण मिळाला नाही. म्हणजे संपूर्ण दुसरा अर्ध रेव्हन्ससाठी फरक दोन पझेशनपलीकडे (चेंडूचा एक ताबा म्हणजे जास्तीत जास्त आठ गुण) कधीच गेला नव्हता. तरीही गस एडवर्ड्स आणि जस्टिस हिल या त्यांच्या दोन रनिंग बॅकना (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंना) अख्ख्या सामन्यात मिळून सहाच वेळा चेंडू देण्यात आला, तर क्वार्टरबॅक लमार जॅक्सनने ३७ पास टाकले. सामना १७-१० असा संपला. गोल लाइनवर झे फ्लॉवर्सच्या हातून निसटलेला चेंडू आणि एंड झोनमधले इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास) यांची चर्चा साहजिकच अधिक झाली. परंतु बचाव फळीला रनची धास्तीच उरली नव्हती आणि ती निर्धास्तपणे पासची वाट पाहू शकत होती, हे मूळ दुखणे होते.

आघाडीवर असतानाही रन सोडण्याची हीच चूक होते. फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये अटलांटा फाल्कन्स न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध २८-३ असे पुढे होते. सुमारे साडेआठ मिनिटे उरली असताना गुणफलक २८-१२ होता, फाल्कन्सचा तिसरा डाऊन होता आणि हवा होता एकच यार्ड. तेथे पास निवडला गेला, डॉन्टा हायटावरने फाल्कन्सचा क्वार्टरबॅक मॅट रायन याच्या हातातून चेंडू उडवला आणि तो पेट्रियट्सच्या ताब्यात गेला. फरक आठ गुणांवर आल्यानंतर ज्युलिओ जोन्सने सीमारेषेलगत घेतलेल्या अफलातून कॅचमुळे फाल्कन्स प्रतिस्पर्ध्याच्या २२ यार्ड रेषेवर पोहोचले. तेथून फील्ड गोल (तीन गुणांची किक) झाला असता तर फरक ११ गुणांचा, म्हणजे पुन्हा दोन पझेशनचा झाला असता. पहिल्या डाऊनच्या रनमध्ये एक यार्ड गेला. दुसऱ्या डाऊनला पुन्हा पास, रायन सॅक (पास टाकण्याआधीच पाडला गेला), १२ यार्ड मागे. त्यावर होल्डिंगचा (प्रतिस्पर्ध्याला नियमबाह्य धरण्याचा) १० यार्डांचा दंड. फील्ड गोलचा टप्पाच हातातून गेला, पंट करावा (चेंडू लाथेने दूर पाठवून ताबा सोडावा) लागला, आणि पेट्रियट्सच्या क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने ९१ यार्ड चालून येऊन बरोबरी साधली. तीन रन निष्फळ ठरले असते तरी चेंडू किकच्या टप्प्यात राहिला असता आणि घड्याळ किंवा पेट्रियट्सचे टाइमआउट, काहीतरी नक्की खर्ची पडले असते. अशा वेळी पास निवडायचाच असेल, तर ‘सॅक पत्करू नकोस, चेंडू बाहेर फेक’ ही सूचना क्वार्टरबॅकला प्लेसोबतच दिली गेली पाहिजे.

मात्र ‘रन करायला हवा होता’ हे वाक्य प्रत्येक पराभवाला चिकटवणे हीसुद्धा चूकच आहे. फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये पेट्रियट्सविरुद्ध चार गुणांनी मागे असलेले सिएटल सीहॉक्स टचडाऊनपासून एका यार्डावर होते, दुसरा डाऊन होता, २६ सेकंद उरले होते आणि एकच टाइमआउट शिल्लक होता. रनिंग बॅक मार्शन लिंचला चेंडू न देता टाकलेला पास पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने झेलला आणि तो निर्णय आजही वेडेपणा मानला जातो. पण शांतपणे मोजून पाहा. रन फसल्यास घड्याळ चालू राहते, त्यामुळे उरलेल्या तिन्ही डाऊनचा वापर निर्धास्तपणे करायचा तर त्यांपैकी एक पास असणे सोयीचेच होते, कारण अपूर्ण पासने घड्याळ थांबते. वादाचा मुद्दा पासच्या प्रकाराचा आहे. खेळाडूंच्या गर्दीत आत वळणारा तो स्लँट होता आणि त्यासाठी ज्या सीहॉक्स खेळाडूने बटलरची वाट अडवायची होती, त्याला पेट्रियट्सच्या ब्रँडन ब्राऊनरने जागेवरच रोखले. कडेला टाकलेला, एक तर आपल्या हाती नाहीतर मैदानाबाहेर जाणारा पास अधिक सुरक्षित ठरला असता.

लहानसहान खुणांनीही तोल बिघडतो. क्वार्टरबॅक सेंटरला (चेंडू मागे देऊन प्ले सुरू करणाऱ्याला) लागून उभा राहिला की रन आणि शॉटगनमध्ये मागे गेला की पास, अशी सवय जडली तर एकूण आकडे निम्मे-निम्मे असूनही बचाव फळीला सगळे आधीच कळते. पास अपूर्ण राहिल्यावर, केवळ आकडा सावरण्यासाठी, दुसऱ्या डाऊनला दहा यार्ड बाकी असताना रन घेणे हेही असेच. त्यातून बहुधा लांबचा तिसरा डाऊन तेवढा पदरी पडतो.

स्वतःच्या संघाचा दोष शोधायचा असेल, तर गेल्या काही सामन्यांच्या प्लेंची यादी घ्यावी आणि फरक आठ गुणांपेक्षा जास्त असतानाचे तसेच प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांतले प्ले तिच्यातून वगळावेत, कारण तेथे निवड परिस्थितीच करते. जे उरते त्यात पहिला डाऊन, लांबचा दुसरा डाऊन आणि एक-दोन यार्डांचा तिसरा डाऊन वेगवेगळे मांडावेत आणि प्रत्येकासमोर रचना लिहावी. एखाद्या रचनेतून एकाच प्रकारचा प्ले येत असल्याचे दिसले, तर त्याच रचनेतून निघणारा दुसऱ्या प्रकारचा एक प्ले सरावात बसवावा आणि तो पहिल्या क्वार्टरमध्येच, सामना हातात असताना, एकदा वापरून टाकावा.