केळे आणि भरिताचे वांगे: पोषणाची तुलना कशी करावी

तुलना नगावर नव्हे, तर खाण्याजोग्या १०० ग्रॅम भागावर करावी. म्हणून केळे सोलून आणि वांग्याचे देठ काढूनच वजन करावे. जळगावची केळी व भरिताची वांगी या दोहोंना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ताटातले त्यांचे काम वेगळे आहे. पिकलेल्या केळ्यात सुमारे ९० कॅलरी आणि ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तर कच्च्या वांग्यात जेमतेम २५ कॅलरी. तंतू मात्र दोहोंत सारखेच, ३ ग्रॅमच्या आसपास. खरी चूक पुढे होते: कापसाच्या काड्यांवर भाजून बडगीत (भरीत ठेचण्याच्या लाकडी भांड्यात) ठेचलेल्या भरितावर तेलाची फोडणी पडली, की एका मोठ्या चमच्यामागे सुमारे १२० कॅलरी वाढतात, आणि खानदेशात चमचा एकावर थांबत नाही, तेव्हा तेल व शेंगदाणे वेगळे मोजून हिशेबात धरावेत.